तज्ज्ञ नेमण्याआधी गेटवरचं रजिस्टर ताब्यात घ्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. २४ महिन्यांत संपायचं इमारतीचं काम आज ३१व्या महिन्यात आहे आणि अजून चार महिने तरी लागतील. मालकाच्या सल्लागाराचं पत्र आलंय: उशीर पूर्णपणे कंत्राटदाराचा, पुढच्या बिलापासून एलडी (उशिरासाठी करारात आधीच ठरवलेली भरपाई) कापणार. तुमचं म्हणणं असं की ड्रॉइंग उशिरा आली, मधेच बदल झाले, एक भाग ताब्यातच उशिरा मिळाला. तुम्ही विचारता, डिले एक्सपर्ट (उशिराचं विश्लेषण करणारा तज्ज्ञ) आत्ता नेमावा की लवाद सुरू झाल्यावर? आणि कोणत्या पद्धतीने विश्लेषण केलं तर जास्तीत जास्त दिवस मिळतील?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मला दर वेळी विचारला जातो आणि त्यातच बहुतेक दाव्यांचं नुकसान दडलेलं असतं. जास्त दिवस देणारी पद्धत शोधायला निघालात, तर समोरच्या बाजूचा तज्ज्ञ पहिल्या तासातच ते ओळखेल. झालं काय, कोणामुळे झालं, आणि त्यामुळे काम संपण्याची तारीख खरोखर किती सरकली, ही साखळी कडी-कडीने दाखवता आली पाहिजे. तज्ज्ञ ती साखळी शोधतो आणि मांडतो. तुटलेली कडी तो तयार करू शकत नाही. कड्या साइटवर, रोजच्या नोंदींत असतात आणि काम संपत आलं की त्या हरवायला लागतात. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आत्ता.

एका उदाहरणाने बोलू. समजा तळघराच्या भिंतीचं काम प्रोग्रॅमप्रमाणे, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाप्रमाणे, ६०व्या दिवशी सुरू व्हायचं होतं. मंजूर ड्रॉइंग मिळालं १००व्या दिवशी. म्हणजे ४० दिवस उशीर, आणि तुमच्या पत्रात बहुधा "४० दिवसांची मुदतवाढ द्यावी" असं लिहिलेलं असेल. पण त्या कामाला १५ दिवसांचा फ्लोट होता. ७५व्या दिवशी सुरू झालं असतं तरी प्रकल्पाची शेवटची तारीख हलली नसती. फ्लोट कोणाचा, यावर साइटवर फार भांडणं होतात. करारात वेगळं लिहिलं नसेल तर तो प्रकल्पाचा, जो आधी वापरेल त्याचा, ही भूमिका ब्रिटनमधल्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेच्या डिले अँड डिसरप्शन प्रोटोकॉल या मार्गदर्शिकेने घेतली आहे आणि व्यवहारात तीच जास्त मानली जाते. तेव्हा ४० चे २५ झाले.

आता मी स्टोअरचं रजिस्टर मागतो. त्यात दिसतं की त्या भिंतीची सळई साइटवर आली ९२व्या दिवशी. तीही ६०व्या दिवशी हवी होती. म्हणजे ड्रॉइंग वेळेवर मिळालं असतं तरी ९२व्या दिवसापर्यंत तुम्ही काम सुरू करू शकला नसता. ७५ ते ९२ हे १७ दिवस दोघांचेही: मालकाचं ड्रॉइंग नाही, तुमची सळई नाही. ९२ ते १०० हे आठ दिवस निव्वळ मालकाचे.

या १७ दिवसांना काँकरंट डिले म्हणतात. वर उल्लेख केलेला प्रोटोकॉल सांगतो की खऱ्या अर्थाने एकाच वेळी घडलेल्या उशिरात कंत्राटदाराची मुदतवाढ कमी करू नये, मात्र त्या काळातला वाढीव खर्च, मालकाच्या कारणाने झालेला भाग वेगळा दाखवता आला तरच द्यावा. इंग्लंडमध्ये २०१२ च्या वॉल्टर लिली विरुद्ध मॅके या निकालातही पूर्ण मुदतवाढीचीच भूमिका आहे. स्कॉटलंडमध्ये २०१० साली सिटी इन विरुद्ध शेफर्ड या खटल्यात न्यायालयाने उशिराची विभागणी करण्याचा मार्ग धरला. तुमच्या कराराला कोणता कायदा लागू आहे आणि करारात काँकरंट डिलेबद्दल काही लिहिलंय का, हे वकिलाकडून पक्कं करून घ्या. पहिला मार्ग लागू असेल तर तुम्हाला २५ दिवसांची मुदत मिळते, म्हणजे त्या २५ दिवसांचा एलडी टळतो, आणि खर्च साधारण आठ दिवसांचा मिळतो. वेळ आणि पैसा हे दोन वेगळे हक्क आहेत. "मुदतवाढ मिळाली म्हणजे खर्चही मिळाला" असं धरून चालणारे अनुभवी लोकही मी पाहिलेत, आणि दाव्याची निम्मी रक्कम तिथेच गळते.

इथे तुम्ही म्हणाल, "साहेब, ड्रॉइंगच नव्हतं म्हणून आम्ही सळई मागवली नाही. उगाच मागवून गंज चढू द्यायचा का?" अगदी रास्त मुद्दा आहे, आणि त्याला नावही आहे: पेसिंग. मालकाच्या उशिरामुळे वेळ मोकळा झाला म्हणून तुम्ही जाणूनबुजून स्वतःचं काम संथ केलं. हा बचाव टिकतो, पण दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. हवी असती तर सळई वेळेवर आणता आली असती, हे एक. आणि तो निर्णय त्याच वेळी घेतला होता, हे दुसरं. पुरवठादाराला पाठवलेली एक ओळ, "ड्रॉइंग मंजूर होईपर्यंत माल रोखून ठेवा", तारखेसह सापडली तर १७ दिवसांचं चित्र पालटतं. ती ओळ नसेल आणि तुम्ही आज तसं सांगत असाल, तर तो नंतर सुचलेला खुलासा वाटतो. त्या काळात पुरवठादाराची थकबाकी होती असं समोरून निघालं, तर संपलंच.

पद्धतींबद्दल आता बोलता येईल. प्रोटोकॉलच्या २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सहा पद्धती दिल्या आहेत. अमेरिकेतल्या एएसीई इंटरनॅशनलच्या २९आर-०३ या मार्गदर्शिकेत नऊ प्रकार आहेत. सगळ्यांची नावं पाठ करायची गरज नाही. फरक कळायला आपलं उदाहरण पुरेसं आहे. तुमच्या मूळ, कागदावरच्या प्रोग्रॅममध्ये ड्रॉइंगचे ४० दिवस घुसवले तर सॉफ्टवेअर २५ दिवसांचा परिणाम दाखवेल. ही इम्पॅक्टेड अ‍ॅज-प्लॅन्ड पद्धत. सळई कधी आली याच्याशी तिला काही देणंघेणं नाही, कारण प्रत्यक्ष काय घडलं ते ती पाहतच नाही. स्वस्त आहे, झटपट होते, आणि उलटतपासणीत सहसा टिकत नाही. याउलट विंडोज पद्धतीत काम महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत पाहतात: या महिन्याच्या सुरुवातीला क्रिटिकल पाथ (शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी) कुठून जात होता, महिनाअखेर कुठून गेला, आणि मधल्या काळात तारीख किती सरकली. त्यात सळईही दिसते आणि ड्रॉइंगही दिसतं. त्यासाठी दर महिन्याला खरेपणाने अपडेट केलेला प्रोग्रॅम लागतो. तो नसेल तर प्रत्यक्ष घडलेल्या तारखांवरून मागे जात सर्वांत लांब मार्ग शोधावा लागतो.

प्रोटोकॉलच्या २००२ च्या पहिल्या आवृत्तीत टाइम इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिसला (उशिराची घटना त्या वेळच्या अपडेट केलेल्या प्रोग्रॅममध्ये घालून परिणाम पाहण्याला) पसंती होती. दुसऱ्या आवृत्तीत, सगळं घडून गेल्यानंतरच्या विश्लेषणासाठी अशी एकाच पद्धतीची पसंती काढून टाकली. करार काय म्हणतो, कोणत्या नोंदी उपलब्ध आहेत, वादाची रक्कम किती, यावरून पद्धत ठरवायची. माझा अनुभवही तोच सांगतो. तज्ज्ञाने कागद न बघता पहिल्याच बैठकीत पद्धतीचं नाव सांगितलं, तर दुसरा तज्ज्ञ शोधा.

नोंदींवर मला जरा जास्त बोलायचंय, कारण प्रकरणं इथेच जिंकली-हरली जातात. एका कामावर कंत्राटदाराचा ठाम दावा होता की टॉवर क्रेन तयार उभी होती आणि जागा ताब्यात न मिळाल्यामुळे ती रिकामी राहिली. मासिक अहवाल, पत्रं, सगळीकडे तसंच लिहिलेलं. मी त्यांच्याच बाजूने काम करत होतो. जुन्या कपाटात सुरक्षारक्षकांचं गेटवरचं रजिस्टर मिळालं. क्रेनचे शेवटचे भाग घेऊन आलेल्या ट्रेलरची नोंद जागा ताब्यात मिळाल्यानंतर १९ दिवसांची होती. कोणी मुद्दाम खोटं बोललं असं मला वाटत नाही. दोन वर्षांनी माणसांना तारखा तशाच आठवतात, जशा त्यांना सोयीच्या असतात. तो मुद्दा आम्ही स्वतःहून मागे घेतला. लवादाने आमच्या बाकीच्या तारखांवर विश्वास ठेवला, त्याला हे एक कारण होतं असं मी आजही मानतो.

तेव्हा या आठवड्यात हे करा: गेट रजिस्टर, बॅचिंग प्लांटच्या स्लिपा, पोअर कार्ड (काँक्रीट ओतण्याच्या नोंदी), मजुरांचा हजेरीपट, मशिनरीची लॉगबुकं, ड्रॉइंगची ट्रान्समिटल (पाठवल्याच्या नोंदी), आरएफआयचं (साइटवरून मागितलेल्या माहितीचं) रजिस्टर, बैठकांची सही झालेली मिनिट्स आणि डीपीआर (रोजचे प्रगती अहवाल), सगळं एका ठिकाणी आणून स्कॅन करा. प्रोग्रॅमच्या मूळ फायली हव्यात, त्यांच्या पीडीएफ पुरणार नाहीत, कारण पीडीएफमध्ये कामांमधले दुवे दिसत नाहीत. फोनमधले फोटो मूळ फाइल म्हणून घ्या. चॅटवरून फिरलेल्या फोटोची तारीख बहुतेक वेळा पुसली जाते. प्लॅनिंग इंजिनिअर आणि साइट इंचार्ज नोकरी सोडण्याआधी त्यांच्यासोबत बसून घटनाक्रम लिहून घ्या. आणि एक कळकळीची विनंती: जुना डीपीआर आज "दुरुस्त" करू नका. त्यात तुमच्याविरुद्ध जाणारी ओळ असेल तर ती राहू द्या. एक बदललेलं पान सापडलं की उरलेल्या हजार पानांची किंमत शून्य होते.

नोटिशीचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण मला त्याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते. फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या रेड बुकमधलं (बांधकामाच्या नमुना करारातलं) कलम २०.१ सांगतं की घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत नोटीस द्यायची. ती दिली नाही तर मुदतही नाही आणि पैसेही नाहीत. सविस्तर दावा ४२ दिवसांत. २०१७ च्या आवृत्तीत नोटिशीचे २८ दिवस कायम आहेत, सविस्तर दाव्याला ८४ दिवस दिले आहेत आणि हा नियम मालकाच्या दाव्यांनाही लागू केला आहे. तुमचा करार फिडिकचा नसला तरी त्यात असं काहीतरी असेलच. ते कलम आज काढून वाचा. "संबंध बिघडू नयेत म्हणून पत्र दिलं नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी ते बोलणारा माणूस चांगला असतो, काम मनापासून करणारा असतो. नोटीस म्हणजे भांडण नव्हे. मालकाला वेळेत कळलं तर तोही ड्रॉइंगसाठी धावपळ करू शकतो. नोटीस न मिळाल्याने त्याचीही संधी जाते.

जुन्या घटनांच्या नोटिसा राहून गेल्या असतील तर बैठकीची मिनिट्स, ईमेल, मासिक अहवाल यांत त्या घटनेचा आणि तिच्या परिणामाचा उल्लेख आहे का ते शोधा. करारातल्या शब्दांनुसार तो पुरेसा ठरेल की नाही, ते वकील पाहील. शोधून त्याच्यासमोर ठेवणं आपलं काम.

आता पैसा. इथे होणारी ठरलेली चूक अशी: प्रकल्प ११ महिने लांबला म्हणून शेवटच्या ११ महिन्यांचा साइट खर्च काढून दाव्यात टाकतात. वाढीव खर्च मोजायचा तो उशीर ज्या काळात घडला त्या काळातला. आपल्या उदाहरणात तो ९२ ते १०० या दिवसांतला: तेव्हा किती इंजिनिअर होते, किती क्रेन होत्या, ऑफिसचं भाडं किती होतं. शेवटच्या महिन्यांत साइटवर अर्धे लोकही नसतात, त्यामुळे ही चूक कधीकधी तुमचंच नुकसान करते. शिवाय आकडे प्रत्यक्ष खर्चाचे, हिशोबाच्या वह्यांशी जुळणारे हवेत. टेंडरमधले दर म्हणजे पुरावा नव्हे.

हेड ऑफिसच्या खर्चासाठी हडसन, एम्डेन आणि आयकले अशी तीन सूत्रं वापरतात. हडसनमध्ये टेंडरमधली ओव्हरहेड (हेड ऑफिसचा खर्च) आणि नफ्याची टक्केवारी करारमूल्यावर लावतात, कराराच्या मुदतीने भागतात आणि उशिराच्या काळाने गुणतात. दोष असा की करारमूल्यात ओव्हरहेड आणि नफा आधीच असतो, त्यामुळे तो दोनदा धरला जातो. एम्डेनमध्ये कंपनीच्या प्रत्यक्ष हिशोबातली टक्केवारी घेतात, म्हणून ते थोडं बरं. आयकले हे १९६० च्या अमेरिकी निर्णयातून आलं. त्यात कंपनीच्या एकूण बिलांमध्ये या कामाचा वाटा किती, त्या प्रमाणात हेड ऑफिसचा खर्च वाटतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या मॅकडरमॉट निकालात या सूत्रांचा वापर मान्य केला. त्याच न्यायालयाने २०२३ च्या युनिब्रोस निकालात मात्र, नुसत्या सूत्रावर बुडालेला नफा मिळणार नाही, इतरत्र काम मिळालं असतं आणि नफा झाला असता याचा पुरावा हवा, असं बजावलं. तुम्ही नाकारलेली टेंडरं, अडकून पडलेल्या टीमचा पत्रव्यवहार, असं काही तुमच्याकडे आहे का ते पाहा.

उशीर आणि विस्कळीतपणा यांची गल्लत करू नका. तारीख न सरकताही काम महाग पडू शकतं: टीम इकडून तिकडे हलवावी लागली, तुकड्या-तुकड्यांत काम करावं लागलं. हे नुकसान मोजायला मेझर्ड माइल ही पद्धत सर्वांत पटणारी. समजा एका विंगमध्ये अडथळा नव्हता आणि एक कामगार दिवसाला १० चौरस मीटर शटरिंग करत होता. दुसऱ्या विंगमध्ये, बदल चालू असताना, तेच सात झालं. ४,२०० चौरस मीटरसाठी ४२० ऐवजी ६०० मनुष्यदिवस लागले, फरक १८० चा. पण दोन्ही विंगचं काम सारखं हवं, कामगार साधारण तेवढेच कुशल हवेत, आणि तुमच्या स्वतःच्या चुकीने वाया गेलेले दिवस आधी वजा केलेले हवेत. "एकूण खर्च वजा टेंडर खर्च, उरलेलं सगळं मालकाचं" असा ठोक दावा करायचा मोह होतो. त्यातलं एक मोठं कारण तुमचं निघालं की सगळा दावाच डळमळतो.

मालकाकडूनही मी पुष्कळ कामं केली आहेत, म्हणून तुमच्या समोरच्या बाजूबद्दल सांगतो. मालकाला वाटतं की मुदतवाढ न देण्यात त्याचा फायदा आहे. प्रत्यक्षात मुदतवाढीचं कलम त्याचंच संरक्षण करतं. मालकाच्या कृतीने उशीर झाला आणि त्यासाठी मुदत वाढवण्याची सोयच करारात नसेल, तर इंग्लिश कायद्यानुसार एलडी लावता येत नाही आणि काम रास्त वेळेत पूर्ण केलं की पुरतं. १९७० च्या पीक कन्स्ट्रक्शन विरुद्ध मॅककिनी या निकालापासून हे तत्त्व ठळक आहे. सल्लागाराला उत्तर देताना या मुद्द्याने धमकावू नका. जे दिवस उघडपणे मालकाचे आहेत तेवढे आता मान्य करा, उरलेल्यांवर बोलू, असा मार्ग त्याच्यापुढे ठेवा. मी पाहिलेल्या बऱ्याच तडजोडी अशा पहिल्या मान्य झालेल्या २०-३० दिवसांपासून सुरू झाल्या.

तज्ज्ञ नेमताना दोन भूमिका वेगळ्या ठेवा. आत्ता तुम्हाला सल्लागार हवा: जो तुमच्यासोबत बसेल, कागद लावेल, दावा लिहायला मदत करेल, कुठे कमजोर आहात ते तोंडावर सांगेल. उद्या लवादापुढे साक्ष देणारा तज्ज्ञ शक्यतो दुसरा असावा, कारण त्याची बांधिलकी तुमच्याशी नसते, लवादाशी असते. इकारियन रीफर या जहाजाच्या विम्याच्या खटल्यात १९९३ साली इंग्लंडच्या न्यायालयाने ही कर्तव्यं नीट मांडली: मत स्वतंत्र हवं, गृहीतकं उघड सांगायला हवीत, मताच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टी लपवता कामा नयेत. साक्ष देणाऱ्याची फी निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर ठेवू नका. त्याच्या साक्षीला मग वजन राहत नाही. निवडताना त्याला विचारा की साइटवर प्रोग्रॅम स्वतः चालवलाय का, उलटतपासणीला सामोरा गेलाय का, आणि मालक व कंत्राटदार या दोन्ही बाजूंनी काम केलंय का.

पहिल्या भेटीत त्याला तुमच्या चुका आधी सांगा. सळई उशिरा आली, एक उपकंत्राटदार पळून गेला, पहिल्या स्लॅबला तीन आठवडे जास्त लागले, जे असेल ते. मालकाच्या सल्लागाराकडे ही यादी आधीच आहे. ती तुमच्या अहवालात मोजून, दिवसांसह आली तर तिची धार जाते. मी सल्लागार म्हणून गेलो की पहिले दोन दिवस फक्त याच्यावर घालवतो. बऱ्याचदा शेवटी मी दिलेला आकडा कंपनीच्या मनातल्या आकड्यापेक्षा खूप कमी असतो. एका कामात त्यांनी २१० दिवस मागितले होते, मला १३० सापडले. संचालक नाराज झाले. पण ते १३० दिवस प्रत्येक तारखेसह उभे होते, आणि पुढच्या वाटाघाटीत समोरच्यांना त्यांतले फार थोडे खोडता आले.

तुमच्या करारात वाद निवारण मंडळाची तरतूद आहे का तेही पाहा. फिडिक २०१७ मध्ये या मंडळाने साधारणपणे ८४ दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि तो मान्य नसेल तर २८ दिवसांत असहमतीची नोटीस द्यावी लागते. काम चालू असतानाच, माणसं आणि आठवणी ताज्या असताना, असा निर्णय मिळणं लवादाची वाट पाहण्यापेक्षा कितीतरी बरं.

एलडीच्या पत्राला उत्तर मात्र यातल्या कशासाठीही थांबवू नका. दोन पानं पुरेत: उशिराची जबाबदारी मान्य नाही, पुढील घटनांमुळे मुदतवाढीचा हक्क राखून ठेवला आहे, घटनांची तारखांसह यादी सोबत आहे, सविस्तर विश्लेषण करारातल्या मुदतीत देऊ, आणि तोवर कपात करू नये. जी तारीख कागदावरून पक्की झाली नसेल ती त्या यादीत लिहू नका. आणि करारात नोटिशीसाठी जो पत्ता व जी रीत दिली आहे त्याच पत्त्यावर, त्याच रीतीने पाठवून पोच घ्या.